परकरातलं चक्रीवादळ

बाळकृष्ण घैसासांनी आयुष्यभर हवेतलं न दिसणारं मोजलं. लखनौच्या एका संशोधन संस्थेत ते परागकणांचे शास्त्रज्ञ. व्हॅसलीन लावलेली काचपट्टी गच्चीवर ठेवायची, हवेतून येऊन तिला जे काही चिकटेल ते सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं, आणि हा कडुनिंब, हे गवत, ही बुरशी, अशी ओळखपरेड घेत बसायचं. लग्न होऊन सांगलीहून लखनौतल्या निशातगंजला आलेल्या वसुधाबाईंना पहिल्याच महिन्यात उमगलं, की कडुनिंबाचा एकुलता एक कण गर्दीत ओळखणाऱ्या या गृहस्थाला दोरीवरचा स्वतःचा टॉवेल मात्र ओळखता येत नाही.

काचपट्ट्या घरभर असायच्या. साबणाच्या डबीत, पंचांगात खूण म्हणून, एकदा तर पोह्यांच्या डब्यात. नव्या नवलाईत वसुधाबाईंनी खिडकीतली एक पट्टी आवरताना उचलून कपाटात ठेवली. त्यात म्हणे अख्खा फाल्गुन वाया गेला. घैसास ओरडले नाहीत, ओरडणं त्यांना येतच नव्हतं. फक्त दोन वेळा जेवताना उसासे टाकले आणि म्हणाले, "वसुधा, माझी वस्तू पूस हवी तर, पण हलवू नकोस."

तेव्हापासून त्या पुसत आल्या आणि हलवायच्या टाळत आल्या. संसार त्यावरच टिकला असं त्या मैत्रिणींना सांगत.

मग घैसास निवृत्त झाले, आणि माणूस फुकट गेल्यासारखा दिसू लागला. सकाळी दूध घ्यायला जायचे ते जेवायची वेळ झाली तरी परत यायचे नाहीत. कधी नुसते खिडकीत बसून समोरच्या कडुनिंबाकडे बघायचे, जुना सहकारी आपल्याला विसरला म्हणून रुसल्यासारखे. नेत्रा, त्यांची कॉलेजात जाणारी लेक, एकदा हळूच म्हणाली, "आई, पापा को कुछ काम दिलाओ यार. ते काल माझे राजमे निवडत होते, आकारानुसार."

काम त्यांनी स्वतःच शोधलं. निशातगंजातलं एक फर्निचरचं दुकान बंद होत होतं. एका दुपारी ठेल्यावर दोरखंडांनी बांधलेलं एक लोखंडी धूड दारात येऊन उभं राहिलं.

"हे काय?" वसुधाबाई म्हणाल्या.

"टेबल सॉ. इथले सुतार कटर म्हणतात."

"टेबल? मग यावर जेवायचं का?"

"नको, नको! याच्या मधून गोल करवत वर येते. खाली मोटर. लाकूड असं पुढे सरकवायचं, की झर्रकन दोन तुकडे."

"आणि तुमचे?"

"वसुधा, शुभ बोल."

धूड मागच्या जाळीच्या व्हरांड्यात बसलं, आणि घैसास स्टुलं करू लागले. स्टुलांबद्दल खोटं कशाला सांगा, एकही धड उभं राहिलं नाही. त्यांच्या स्टुलावर बसलेला माणूस आपोआप नम्र व्हायचा. लखनौच्या महाराष्ट्र मंडळात घरटी एक घैसास-स्टूल पोचलं होतं आणि प्रत्येकाच्या एका पायाखाली घडी केलेलं वर्तमानपत्र होतं. कुणी दबक्या आवाजात तक्रार केलीच, तर घैसास शांतपणे म्हणायचे, "स्टूल बरोबर आहे. लखनौच्या फरश्या वाकड्या आहेत."

पण ते शीळ घालायला लागले होते. वसुधाबाईंनी ती शीळ लग्नाआधी, बघण्याच्या कार्यक्रमानंतर सायकलवरून परत जाताना त्यांनी घातली होती तेव्हा ऐकली होती, ती आत्ता. त्यासाठी त्या पुष्कळ सोसायला तयार होत्या.

सोसायला भुसा होता. भाताच्या कुकरवर भुसा, गणपतीच्या सोंडेवर भुसा, वाळत घातलेल्या चादरीवर असा, की झोपलं तर अंगावर पावडर लावल्यासारखं व्हावं. "आई, पापा ने फिर से मेरी मैगी पे बुरादा गिराया," हे नेत्राचं रोजचं पालुपद. वसुधाबाई सकाळी एकदा आणि चहाच्या आधी एकदा ओलं फडकं फिरवायच्या, आणि चहाच्या नंतर पुन्हा होतं तसंच.

एवढंही चाललं असतं, पण गेल्या वर्षी चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. मंडळातल्या झाडून सगळ्या बायका आल्या. पन्हं झालं, आंब्याची डाळ झाली. मंडळाच्या अध्यक्ष सुहासिनीबाई परचुरे, एअरफोर्समधल्या नवऱ्यापेक्षा यांचाच आवाज जास्त हवाई, दुसऱ्यांदा डाळ वाढून घेत म्हणाल्या, "वसुधा, जिंकलंस! आणि खोबरं काय हलकं किसलंयस गं! जिभेवर नुसतं विरघळतंय."

वसुधाबाई हसल्या, आणि हसता हसता गारठल्या. त्या आठवड्यात अख्ख्या बाजारात धड नारळ मिळाला नव्हता. डाळीत खोबरं नव्हतंच.

घैसास त्या सकाळी चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाची खोकी कापत होते. चिडाचा भुसा पांढरा असतो.

म्हणून या वर्षी होळी झाल्याबरोबर वसुधाबाईंनी नवऱ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "ऐका. यंदा हळदीकुंकवात भुशाचा एक कण जरी दिसला, तर तुमचं हे टेबल दुसऱ्या दिवशी चिनहटला."

चिनहटच्या कारखान्यांच्या भागात घैसासांचा मावसभाऊ निरंजन पंपांचे सुटे भाग करायचा. त्याच्या शेडमध्ये एक कोपरा मोकळा होता, तसा त्याने शब्दही दिला होता.

"चिनहटला?" घैसासांनी कप खाली ठेवला. "अगं, तिथे दोन टेम्पो बदलून जायचं. आणि मला मध्येच काही सुचलं तर?"

"सुचलेलं धरून ठेवायचं."

"तिथे चहा कोण देईल?"

"निरंजन देईल. टपरीचा."

घैसासांनी उरलेला चहा तसाच टाकला, आणि वसुधाबाईंना मनातल्या मनात चुटपूट लागली. चिनहटला गेलेली शीळ परत येणार नाही हे त्यांनाही कळत होतं. पण भुसा वाढून घेणाऱ्या अध्यक्षांचा चेहराही डोळ्यांसमोरून हलत नव्हता. त्या शब्दावर ठाम राहिल्या.

दुसऱ्या दिवशी घैसासांनी कूलर उघडला.

"अहो, काय करताय?"

"अजून उन्हाळ्याला वेळ आहे. याचा ब्लोअर उसना घेतोय."

त्यांच्या कूलरमध्ये साध्या पात्यांचा पंखा नव्हता, पिंजऱ्यासारखा गोल फिरणारा ब्लोअर होता. योजना अशी: करवतीच्या पोटाखाली पत्र्याचं नरसाळं लावायचं. नरसाळ्यापासून जाड पाइप तेलाच्या मोठ्या पिंपात. पिंपाच्या झाकणातून दुसरा पाइप ब्लोअरला. ब्लोअरने हवा ओढली, की भुसा पिंपात शिरून गरगर फिरायचा आणि जड असल्यामुळे तळाशी बसायचा.

"चक्रीवादळच, पण पाळीव," घैसास म्हणाले. त्यांचे डोळे लकाकत होते. "राहिली ती बारीक धूळ. ब्लोअरच्या तोंडाला कापडी पिशवी लावली, की हवा कापडातून बाहेर आणि धूळ आत. फक्त पिशवी मोठी पाहिजे."

वसुधाबाईंना त्यांची ती नजर दोरीवर गेलेली दिसली. दोरीवर त्यांचा गुलाबी परकर वाळत होता.

"खबरदार!"

"अगं, शास्त्रीयदृष्ट्या परकर म्हणजे दोन्ही टोकांना उघडी नळीच. वर नाडी आधीच आहे. ती ब्लोअरला आवळायची. खाली फक्त एक शिवण."

"मग मी काय नेसू? नरसाळं?"

शेवटी जुना, विरलेला गुलाबी परकर मिळाला, त्याला खाली दुसरा जोडून. यंत्र सुरू झालं तेव्हा छताच्या हुकाला टांगलेली ती मरगळलेली गुलाबी पिशवी आधी थरथरली, मग पोटात वारं भरून घेत फुगली, आणि व्हरांड्यात चांगली अंगापिंडाने भरलेली एक बाई ताठ उभी राहिली. मोटर बंद केली, की ती सुस्कारा सोडून खाली बसायची.

"मावशी आली," नेत्रा म्हणाली. नाव तेच पडलं.

वरच्या मजल्यावर रिज़वी साहेब राहायचे. कोर्टातून निवृत्त झालेले, अत्यंत अदबशीर. त्यांचा जिना घैसासांच्या व्हरांड्याच्या जाळीला लागून जायचा. आठवडाभर ते जिन्यावरून खाली मान घालून, खाकरत जाताना वसुधाबाईंना दिसले. एका सकाळी ते दाराशी येऊन थबकले.

"भाभीजान, गुस्ताख़ी माफ़. आपके यहाँ कोई मेहमान तशरीफ़ लाई हैं?"

"नहीं तो, भाईसाहब."

"वो... गुलाबी लिबास में. बड़ी शरीफ़ ख़ातून हैं. घैसास साहब मशीन चलाते हैं तो अदब से खड़ी हो जाती हैं. मशीन बंद हो, तब बैठती हैं. आजकल ऐसी तहज़ीब कहाँ! मैं तो रोज़ आदाब करके निकलता हूँ. जवाब नहीं देतीं. पर्दे वाली होंगी."

वसुधाबाईंनी पदर तोंडाला लावला तो हसू दाबायला, पण रिज़वी साहेबांना वाटलं घरातलं काहीतरी नाजूक प्रकरण आहे. ते आणखी दोनदा माफी मागून वर गेले. खरं सांगायचा धीर वसुधाबाईंना झाला नाही. आपण आठवडाभर एका परकराला आदाब केला, हे त्या सज्जन माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार?

चैत्र लागला. हळदीकुंकवाचं बोलायला सुहासिनीबाई घरी आल्या, आणि घैसास विजयी मुद्रेने ट्रे घेऊन बाहेर आले. ट्रेमध्ये काचपट्ट्या.

"वहिनी, यंदा डाळ निर्धास्त खा. मी घरभर पट्ट्या ठेवल्या होत्या. देवघर, फ्रिज, मसाल्याची फळी, सगळीकडे. रोज सकाळी अकराला गोळा केल्या, नव्या ठेवल्या. हिलाही कळू दिलं नाही. कळलं असतं तर हिने तिथे मुद्दाम जास्त झाडलं असतं, प्रयोग बिघडला असता. आणि निकाल? शून्य! देवघरात तर भुशाचा कण नाही. गेल्या वर्षापेक्षा—"

"गेल्या वर्षी डाळीत काय होतं?" सुहासिनीबाईंनी कान टवकारले.

"काही नाही, काही नाही," वसुधाबाई घाईने म्हणाल्या. "पन्हं घ्या."

पण त्यांची नजर ट्रेवरून हलेना. त्या पट्ट्या त्यांच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. रोज सकाळी आंघोळ करून फडकं फिरवताना देवघरात, फ्रिजवर, मसाल्याच्या फळीवर ही चिकट, धुळीने लडबडलेली काच सापडायची. ह्यांची नेहमीची पसरापसर, असं म्हणून त्या साबणाच्या पाण्याने एकेक काच लख्ख पुसायच्या आणि तसूभरही न हलवता, होती तिथेच ठेवायच्या. पूस पण हलवू नकोस. नियम म्हणजे नियम.

सुहासिनीबाई गेल्यावर त्यांनी ते सांगितलं. घैसास ट्रे हातात धरून उभे राहिले.

"सगळ्या पुसल्यास?"

"सगळ्या."

"रोज?"

"रविवारी दोनदा."

घैसास मटकन आपल्याच स्टुलावर बसले. स्टूल डावीकडे झुकलं, ते उजवीकडे झुकले. "म्हणजे मी यंत्राची नाही, तुझी कार्यक्षमता मोजत होतो." मग ते कौतुकाने म्हणाले, "वसुधा, तू विलक्षण चांगली आहेस गं. शून्य म्हणजे शून्य!"

"कौतुक नंतर. आता न पुसता बघू या."

त्यांनी एक दिवस फडकं हातात घेतलं नाही. हाताला नुसती खाज सुटली, पण घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी काचपट्ट्यांवर लोकरीचं कापड अंथरावं तसा थर होता. सूक्ष्मदर्शकाची गरजच नव्हती, नेत्राने लांबून बघितलं आणि म्हणाली, "पापा, ये तो जंगल है."

घैसासांनी पिंप उघडलं. जाड भुसा त्यात व्यवस्थित बसला होता. चक्रीवादळ आपलं काम चोख करत होतं. मग बारीक धूळ येते कुठून? त्यांनी यंत्र लावलं, आणि वसुधाबाई उन्हाच्या कवडशात फुगलेल्या मावशीकडे बघत राहिल्या. मावशीच्या अंगाअंगातून मंद धूर निघाल्यासारखी धूळ निघत होती.

"अहो, ही तर घाम गाळतेय. परकर विरलाय, त्याला काय अडणार? ज्यातून माझा पाय दिसतो त्यातून धूळ नाही जाणार?"

"मग कसलं कापड?"

वसुधाबाईंनी पलंगाखालची पेटी ओढली. आईने लग्नात दिलेल्या सावरीच्या उशा होत्या तीत. सावरीचं तंतू-तंतू झालेलं बोंड शिंकेसरशी घरभर उडतं, पण निळ्या पट्ट्यांच्या त्या घट्ट विणीच्या कापडातून इतक्या वर्षांत एक तंतू बाहेर आला नव्हता. त्यांनी क्षणभर उशीवर हात फिरवला आणि शिवण उसवायला घेतली. सावरीचा कापूस पिठाच्या रिकाम्या डब्यात गेला. दोन दिवस शिलाई मशीन चाललं. गुलाबी मावशी निवृत्त झाली, निळ्या पट्ट्यांची नवी मावशी उभी राहिली. जिन्यावरून जाताना रिज़वी साहेबांनी तिचे कपडे बदललेले पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

नव्या मावशीची पट्टी तपासायला मात्र वेळच उरला नाही, कारण हळदीकुंकू येऊन ठेपलं. वसुधाबाईंनी घर दोन वेळा पुसलं, यंत्राला हात लावायची सक्त मनाई केली, आणि पहाटे स्वतः करवतीच्या बटणातली किल्लीसारखी पिन काढून पदराला बांधली. ब्लोअरचा प्लग काढायचं त्यांना सुचलं नाही. घैसासांनी सकाळी "एकदा फक्त बघतो" म्हणून त्याचं बटण दाबलं, तेवढ्यात बत्ती गुल झाली, आणि बटण चालू राहिलं की बंद हे विसरून ते कैऱ्या किसायला बसले.

दुपारी बायका जमल्या. गौर आरशासमोर बसली होती, पुढे कलिंगड, करंज्या, भिजवलेले हरभरे, आणि मध्यभागी पातेलंभर आंब्याची डाळ. यंदा नारळ मिळाला होता. वीज अजून नव्हती. चैत्रातच अशी काहिली, की हातपंखेही गरम वारा घालत होते.

"वसुधा, कूलर लाव ना गं," कुणीतरी म्हणालं.

"लाइट नाही हो." शिवाय कूलरला ब्लोअर नाही, हे त्यांनी गिळलं.

"मग मागचं दार तरी उघडू," असं म्हणत सुहासिनीबाई उठल्या आणि वसुधाबाई "नको!" म्हणेपर्यंत व्हरांड्याचं दार सताड उघडून मोकळ्या झाल्या. दाराच्या तोंडाशीच मावशी लोंबत होती.

आणि लाइट आली.

ब्लोअर घुमला. निळ्या पट्ट्यांची मावशी शहारली, कमरेत वाकली, पोट पुढे काढलं, आणि पाहता पाहता दारभर उभी राहून बायकांच्या अंगावर झुकली. सुहासिनीबाईंनी किंकाळी फोडली ती हवाई दलाला शोभेल अशी. एक काकू गौरीच्या मागे लपायला गेल्या. वसुधाबाईंना मात्र फक्त पातेलं दिसत होतं, उघडं पातेलं, आणि त्याच्यावर भर्रकन येणारा वारा. चिनहटचा टेम्पो दारात उभा राहिल्याचा आवाजही त्यांना ऐकू आला. स्वयंपाकघराच्या दारात घैसास किसणी हातात घेऊन उभे होते आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"आहाहा!" सुहासिनीबाई म्हणाल्या.

सगळ्या त्यांच्याकडे बघू लागल्या. त्या किंचाळल्या होत्या तिथेच उभ्या होत्या, डोळे मिटून, पदर जरा सैल करून. "काय गार वारा आहे गं! वसुधा, हा कुठला कूलर?"

"घरचाच आहे," वसुधाबाई कशाबशा म्हणाल्या.

"पाण्याशिवायचा? वास पण छान आहे, शिसवीचा. इकडे सरका गं सगळ्याजणी."

बायका सतरंजी ओढून मावशीपुढे बसल्या. तिच्या वाऱ्यात हळदीकुंकू लागलं, ओट्या भरल्या, वाट्या वाटल्या गेल्या. वसुधाबाई प्रत्येकीच्या वाटीत वाकून बघत होत्या. कुणाला वाटलं प्रेम आहे, कुणाला वाटलं डाळ कमी पडलीय. जिन्यावरून रिज़वी साहेब उतरले, इतक्या बायकांमध्ये मावशी उभी पाहून त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "आज तो महफ़िल में हैं," असं पुटपुटून त्यांनी सर्वांना मिळून एक आदाब केला.

सगळ्याजणी गेल्यावर वसुधाबाईंनी गौरीपुढची काचपट्टी उचलली. सकाळीच त्यांनी ती स्वतः, मुद्दाम, पातेल्याच्या शेजारी ठेवली होती. घैसासांच्या हातात दिली. घैसास सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"बोला ना!"

"पिवळे कण. हळद." त्यांनी चाक फिरवलं. "लाल. कुंकू. हा... हा पांढरा." ते थांबले. वसुधाबाईंनी पदराची गाठ धरली. "पांढरा आहे, पण चीड नाही. तेलकट दिसतोय. खोबरं. अगं, खरंखुरं खोबरं! लाकूड कुठेच नाही."

वसुधाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि करवतीची पिन त्यांच्या हातावर ठेवली. "उद्यापासून लावा. आणि आधी मला कूलरला नवा ब्लोअर आणा. मावशीसमोर मी रोज जेवायला बसणार नाही."

घैसास शीळ घालतच व्हरांड्यात गेले.

तेवढ्यात फोन वाजला. सुहासिनीबाई.

"वसुधा, छान झालं हो सगळं. कूलरचा पत्ता कळव. फक्त एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"बोला ना."

"डाळ. चांगलीच होती, पण गेल्या वर्षीची गंमत नाही आली. तेव्हा ते खोबरं कसं हलकं, कोरडं, जिभेवर विरघळणारं होतं. यंदाचं जरा नारळासारखं लागलं."